जोगिणीचा खरा चेहरा

1620च्या जून महिन्यात स्पेनमधल्या सेव्हिल शहरात काही जोगिणी जहाजाची वाट पाहत थांबल्या होत्या. टोलेडोहून निघाल्याला महिना उलटून गेला होता आणि जायचे होते मनिलाला. म्हणजे आधी अटलांटिक ओलांडायचा, मग मेक्सिको या टोकापासून त्या टोकापर्यंत पार करायचे आणि शेवटी प्रशांत महासागराचे महिने मोजत बसायचे. या जथ्याच्या प्रमुख होत्या मदर हेरोनिमा दे ला फुएन्ते. साठी केव्हाच ओलांडलेली, आणि आयुष्यातली जवळजवळ पन्नास वर्षे एकाच मठाच्या भिंतींआड गेलेली. आता या काही परत येत नाहीत, हे निरोप देणाऱ्यांना पक्के ठाऊक होते. तेव्हा निघण्यापूर्वी त्यांचे चित्र काढून ठेवायचे ठरले. काम मिळाले 21 वर्षांच्या एका पोराला. तीन वर्षांपूर्वी परीक्षा देऊन तो शहरातल्या चित्रकारांच्या संघात दाखल झाला होता आणि गुरूच्याच मुलीशी लग्न करून संसाराला लागला होता. त्याचे नाव दिएगो वेलास्केझ.

ते चित्र आज माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात आहे. 160 सेंटिमीटर उंच, 110 रुंद. मागे काळोखी भिंत, खाली तपकिरी जमीन, आणि मधे उभी एक म्हातारी बाई. खुर्ची नाही, पडदा नाही, खिडकी नाही. गडद रंगाचा जाडाभरडा झगा, डोक्यावर काळे वस्त्र, चेहऱ्याभोवती पांढरी चौकट. डाव्या हातात पुस्तक, उजव्या हातात लाकडी क्रूस. चित्रापुढे उभे राहिले की नजर आधी चेहऱ्यावर जाते. पापण्या जड झालेल्या, तोंड घट्ट मिटलेले, आणि डोळे बघणाऱ्यावर असे रोखलेले की आपलीच काही झडती चालली आहे असे वाटावे. मग नजर हातांवर उतरते. शिरा वर आलेल्या, बोटांची पेरे जाड. शेतकऱ्याने कोयत्याची मूठ धरावी तसा त्या हाताने क्रूस धरला आहे. भक्तिचित्रांत जोगिणी क्रूसाकडे पाहतात, डोळे पाणावतात, मान कलते. हेरोनिमा क्रूसाकडे पाहतच नाहीत. त्या आपल्याकडे पाहतात आणि क्रूस पुढे करतात.

हे चित्र आपण आज एका थोर चित्रकाराच्या उमेदवारीतली कामगिरी म्हणून पाहतो. ज्यांनी ते काढवून घेतले त्यांना मात्र त्यात कलाकृती नको होती. त्यांना हवा होता पुरावा.

हे समजायला अर्धशतक मागे जावे लागते. प्रॉटेस्टंट बंडाने हादरलेल्या कॅथॉलिक चर्चने ट्रेंट शहरात जी दीर्घ धर्मसभा भरवली, तिची सांगता 1563च्या डिसेंबरात झाली. घाईघाईत उरकलेल्या या शेवटच्या बैठकीत दोन वेगवेगळे निर्णय झाले. पहिला चित्रांबद्दल. प्रॉटेस्टंट लोक देवळांतल्या मूर्ती फोडत होते, चित्रे जाळत होते. त्यावर चर्चने ठामपणे सांगितले की संतांच्या प्रतिमा ठेवणे योग्य आहे, त्यांतून लोकांना धर्म कळतो; मात्र त्यांत खोटे, भलतेसलते काही नसावे. दुसरा निर्णय जोगिणींबद्दल. व्रत घेतलेल्या बाईने मठाच्या भिंतीबाहेर पाऊल टाकायचे नाही. तीन वर्षांनी पोप पाचवे पायस यांनी हा नियम आणखी कडक केला. भेटायला आलेल्यांशी बोलायचे ते लोखंडी जाळीआडून.

एका हाताने चर्चने पवित्र माणसांची चित्रे मागितली, दुसऱ्या हाताने पवित्र बायकांना नजरेआड केले. बरोक काळातली जोगिणींची व्यक्तिचित्रे या दोन आज्ञांच्या फटीत जन्माला आली.

या प्रकाराचा पहिला ठळक नमुना सेव्हिलमधलाच, हेरोनिमांच्या 44 वर्षे आधीचा. जून 1576 मध्ये आव्हिलाच्या तेरेसा तिथे होत्या. वय 61, कार्मेल पंथाची सुधारणा करून गावोगावी मठ काढत फिरणाऱ्या. त्यांच्या वरिष्ठांनी हुआन दे ला मिसेरिया नावाच्या धर्मबंधूला त्यांचे चित्र काढायला सांगितले, आणि तेरेसांना आज्ञा केली की बसा. जोगिणीने स्वतःहून चित्राला बसणे म्हणजे गर्व. आज्ञेने बसणे म्हणजे विनय. या पळवाटेवर पुढची दीडशे वर्षे सगळा व्यवहार चालला. हुआन हा काही बरा चित्रकार नव्हता. आपल्याला कुरूप आणि चिपडी करून टाकलेस, असे तेरेसा हसून म्हणाल्याची आख्यायिका आहे. पण 1582 मध्ये त्या वारल्या, 1614 मध्ये धन्य आणि 1622 मध्ये संत घोषित झाल्या, तसतशी त्या ओबडधोबड चित्राची किंमत वाढत गेली. पुढच्या असंख्य तेरेसा त्यावरूनच उतरल्या, कारण समोर बसवून काढलेले चित्र तेच होते.

स्पॅनिश जगात अशा चित्राला खरे चित्र म्हणायचे आणि तसे चित्रावर लिहायचेही. यातला खरेपणा सौंदर्याचा नव्हता, साक्षीदाराचा होता. उद्या ही बाई संत ठरली तर जगाला दाखवायला चेहरा लागेल, आणि तो कुणा चित्रकाराच्या कल्पनेतला असून चालणार नाही. म्हणून जिवंतपणी, ओळखणाऱ्यांच्या देखत, सुरकुत्यांसकट तो नोंदवून ठेवायचा.

हेरोनिमा अशाच उमेदवारांपैकी होत्या. जन्म टोलेडोचा, 1555चा. पंधराव्या वर्षाच्या सुमारास त्या शहरातल्या सांता इसाबेल दे लोस रेयेस या मठात गेल्या. हा पुअर क्लेअर जोगिणींचा, म्हणजे संत फ्रान्सिस यांच्या परिवारातला मठ. कडक तपश्चर्येसाठी हेरोनिमांची ख्याती होती. क्रूसावरच्या येशूसारखे हात पसरून त्या तासन्‌तास स्वतःला टांगून घेत, असे चरित्रकार सांगतात. मात्र त्यांचा खरा हट्ट वेगळा होता. संत क्लेअर यांचा मूळ नियम संपूर्ण दारिद्र्याचा. मठाने जमीन ठेवायची नाही, उत्पन्न ठेवायचे नाही, येणाऱ्या मुलीकडून हुंडा घ्यायचा नाही. मिळेल त्या भिक्षेवर राहायचे. बहुतेक मठांनी पोपकडून सवलती मिळवून हा नियम केव्हाच सैल केला होता. हेरोनिमांना तो जसाच्या तसा पाळणारा मठ काढायचा होता. स्पेनमध्ये जमले नाही. मनिलात मठ हवा आहे असे कळल्यावर त्यांनी वयाची पर्वा न करता संधी धरली. परवानगीची चक्रे वर्षानुवर्षे फिरली, आणि 28 एप्रिल 1620 रोजी तीन सोबतिणींसह त्यांनी टोलेडो सोडले. वाटेत इतर मठांतल्या आणखी काही जणी मिळाल्या.

वेलास्केझकडे हे काम कसे आले याचा कागद उरलेला नाही, पण त्याचे सासरे आणि गुरू फ्रान्सिस्को पाचेको हे सेव्हिलमधले वजनदार गृहस्थ होते. 1618 पासून धर्मन्यायालयाने शहरातल्या धार्मिक चित्रांवर नजर ठेवायचे काम त्यांच्याकडे दिले होते. कुठल्या संताला किती वयाचे दाखवावे, क्रूसावर खिळे तीन की चार, अशा गोष्टींचा ते कीस पाडत. येशूच्या दोन पावलांना दोन स्वतंत्र खिळे हवेत, म्हणजे एकूण चार, असा त्यांचा आग्रह होता. हेरोनिमांच्या हातातल्या क्रूसावरही चार खिळे आहेत. जावयाने सासऱ्याचे शास्त्र तिथे पाळले. चेहरा मात्र त्याने स्वतःच्या पद्धतीने रंगवला. त्या काळात तो स्वयंपाकघरातली माणसे काढत होता: अंडी तळणारी म्हातारी, पाणी विकणारा, मातीचे घडे, पितळी खल. घड्याच्या ओलसर पाठीवर पडलेला उजेड ज्या डोळ्याने पाहिला, त्याच डोळ्याने त्याने जोगिणीच्या कपाळावरची आठी पाहिली. प्रभावळ नाही, ढग नाहीत, देवदूत नाहीत. पुरावा म्हणून चित्र हवे असेल तर याहून योग्य चित्रकार त्या शहरात नव्हता.

शब्दांचा भागही पुराव्यात होता. चित्राच्या माथ्यावर लॅटिन ओळ आहे. देव तारील याची मुकाट्याने वाट पाहण्यात भले आहे, अशा अर्थाची. हेरोनिमांच्या तोंडाजवळून एक लहरती पट्टी निघत होती. देवाचा गौरव झाला की मी तृप्त होईन, असा तिचा भाव. आणि पायाशी लांबलचक मजकूर: हे अमक्या मदरचे खरे चित्र, अमक्या मठाच्या, मनिलाच्या मठाच्या संस्थापक आणि पहिल्या प्रमुख, निघण्याचा वार मंगळवार, तारीख, साल, वय 66, आणि टोलेडोहून सोबत गेलेल्या तिघींची नावे: आना दे क्रिस्तो, लेओनोर दे सान फ्रान्सिस्को आणि नवशिकी हुआना दे सान अंतोनियो. हा खालचा मजकूर मागाहून घातला असावा असे अभ्यासक मानतात. वयाचा आकडाही थोडा फुगलेला आहे. पण पंचनाम्यासारखी त्याची भाषा पाहिली की चित्राचा हेतू उघड होतो. या चित्राची पूर्णाकृती दुसरी प्रतही आहे, तीही वेलास्केझच्या सहीची.

जुलैच्या सुरुवातीला कादिझहून जहाज सुटले. मेक्सिको शहरात बरेच महिने मुक्काम झाला. 1621च्या वसंतात आकापुल्कोहून मनिलाचे गलबत निघाले. वाटेत एक जोगीण दगावली आणि तिला समुद्रातच निरोप द्यावा लागला. ऑगस्टमध्ये बाकीच्या मनिलात उतरल्या. या सगळ्याचा वृत्तान्त आना दे क्रिस्तो यांनी लिहून ठेवला. शेकडो पानांचे ते हस्तलिखितही टोलेडोच्या मठात परत पोहोचले. त्याचाही उद्देश तोच: उद्या कुणी विचारले तर सांगायला साक्ष हवी.

मनिलात हेरोनिमांच्या दारिद्र्याच्या हट्टाला लगेच धार लागली. तिथल्या स्पॅनिश सरदारांना आणि व्यापाऱ्यांना मठ हवा होता, पण नेहमीचा. मुलीला हुंड्यासह सोपवता येईल, मठाला उत्पन्न राहील, घराण्याचा मान राहील असा. बिनहुंड्याचा मठ म्हणजे कुणाचीही मुलगी आत. शिवाय स्पॅनिश मुली आधीच मोजक्या, त्या मठात गेल्या तर लग्ने कुणाशी करायची, ही तक्रार. फ्रान्सिस्कन वरिष्ठांनीही नियम सैल करा म्हणून दडपण आणले. हेरोनिमा बधल्या नाहीत, तेव्हा काही काळ त्यांचे प्रमुखपद काढून घेण्यात आले. पण बिनहुंड्याच्या या मठालाही एक कुंपण होतेच. पाम्पांगा प्रांतातल्या मार्था नावाच्या स्थानिक बाईला मनिलात व्रत घेऊ दिले नाही. 1633 मध्ये मकावला नवा मठ काढायला जोगिणी निघाल्या, तेव्हा कुठे तिचा मार्ग मोकळा झाला.

हाच वाद त्याच सुमारास आपल्या किनाऱ्यावरही चालू होता. स्पेन आणि पोर्तुगाल तेव्हा एकाच राजाच्या अमलाखाली होते. गोव्याचे आर्चबिशप आलेशो दे मेनेझेस यांनी 1606 मध्ये जुन्या गोव्यात सांता मोनिकाचा मठ स्थापला. पूर्वेकडचा हा जोगिणींचा पहिला मठ. इमारत पुरी व्हायला 1627 उजाडले. इथे हुंडा घेतला जाई आणि तो भक्कम असे. त्यामुळे गोव्याच्या नगरपालिकेची तक्रार मनिलाच्या उलट दिशेने आली: शहरातल्या श्रीमंत मुली आणि त्यांची दौलत मठ गिळतो आहे. हुंडा घ्या की नका घेऊ, जोगिणींचा मठ वसाहतीच्या हिशेबात कुठेतरी खुपतच असे. सांता मोनिकाच्या वास्तूत आज ख्रिस्ती कलेचे संग्रहालय आहे.

22 ऑक्टोबर 1630 रोजी हेरोनिमा मनिलात वारल्या. साक्षी नोंदवण्याचे काम लगोलग सुरू झाले. पण तोवर रोमची हवा बदलली होती. पोप आठवे अर्बन यांनी 1625 आणि 1634च्या हुकमांनी बजावले की रोमने मान्यता दिल्याशिवाय कुणाच्या चित्राला प्रभावळ काढायची नाही, त्यापुढे दिवे लावायचे नाहीत, नवस बोलायचे नाहीत. ज्या चित्रांनी संतपणाचा दावा मांडायचा, तीच चित्रे आता दावा बिघडवूही शकत होती.

हे किती टोकाला जाऊ शकते याचे उदाहरण आहे कातारिना दे सान हुआन यांचे. त्या मुघल हिंदुस्थानात जन्मलेल्या. लहानपणी पोर्तुगीज चाच्यांनी पळवलेल्या, कोचीनमार्गे मनिलात नेऊन विकलेल्या. हेरोनिमा मनिलाला पोहोचल्या जवळपास त्याच काळात कातारिना उलट दिशेने आकापुल्कोला उतरल्या. मेक्सिकोतल्या पुएब्ला शहरात त्यांनी गुलामीतून सुटून भक्तीत आयुष्य काढले. रीतसर व्रत घेतलेली जोगीण त्या कधी झाल्या नाहीत, पण 1688 मध्ये वारल्या तेव्हा शहर त्यांना संतच समजत होते. त्यांची छापील चित्रे घरोघरी लागली. 1691 मध्ये धर्मन्यायालयाने ती चित्रे बाळगायलाच बंदी केली आणि पुढे जेझुइट धर्मगुरूने लिहिलेले त्यांचे तीन खंडांचे चरित्रही जप्त झाले. निकालाआधीच लोकांनी निकाल लावला, हा गुन्हा.

बरोक काळात अशी चित्रे इतरत्रही निघाली आणि प्रत्येक ठिकाणी कुणीतरी काहीतरी सिद्ध करू पाहत होते. पॅरिसच्या पोर्ट-रॉयाल मठातल्या कॅथरीन या जोगिणीचे पाय 1660च्या ऑक्टोबरपासून लुळे पडले होते. मठातल्या मदर आन्येस आर्नो यांनी नऊ दिवसांची प्रार्थना मांडली. ती 6 जानेवारी 1662 रोजी संपली आणि दुसऱ्या दिवशी कॅथरीन चालू लागली. तिचे वडील फिलिप द शांपेन हे राजदरबाराचे नावाजलेले चित्रकार. बायको गेलेली, इतर मुले गेलेली, ही एकच उरलेली. त्यांनी मठाला चित्र अर्पण केले. करड्या भिंतीपुढे दोन बायका, पांढऱ्या झग्यांवर लाल क्रूस; एक गुडघे टेकून, एक खुर्चीत पाय लांब करून. मुलगी अजून उठलेली नाही. वर फक्त उजेडाचा एक झोत, आणि शेजारी भिंतीवर लॅटिनमध्ये सविस्तर हकीकत. चमत्काराचा गाजावाजा नाही, नोंद आहे. तिची गरज होती, कारण पाखंडी मतांच्या संशयावरून मठावर राजाची आणि आर्चबिशपची नजर होती. ईश्वर आमच्या बाजूला आहे, हे मठाला दाखवायचे होते. चित्र गाजले, पण मठ त्याने वाचला नाही. 1709 मध्ये याच समुदायाच्या पॅरिसबाहेरच्या ग्रामीण पोर्ट-रॉयाल मठातल्या जोगिणींना बाहेर काढले आणि नंतर वास्तूही जमीनदोस्त केली. चित्र लूव्र संग्रहालयात आहे.

मेक्सिकोत अठराव्या शतकात याच प्रथेला कौटुंबिक वळण लागले. मुलगी मठात जायच्या दिवशी तिला फुलांचा उंच मुकुट घालत, हातात सजवलेली मेणबत्ती आणि बाळ येशूची मूर्ती देत, छातीवर रंगवलेले गोल पदक लावत आणि चित्रकाराला बोलावत. ते चित्र माहेरच्या दिवाणखान्यात लागे. इथे संतपद गौण. आमच्या घरची मुलगी देवाला दिली, हे पाहुण्यांना दिसले पाहिजे. काही मठांत थोर जोगिणीचे चित्र मरणानंतर पुन्हा काढत, पुन्हा मुकुटासह.

हेरोनिमांचा चेहरा यांपैकी कुठल्याच सोहळ्यात गेला नाही. चित्र टोलेडोच्या मठातच राहिले. संतपदाचा निकाल लागला नाही. आजतागायत लागलेला नाही. आणि तिकडे चित्रकाराचे नावही विसरले गेले. 1926 मध्ये माद्रिदच्या फ्रान्सिस्कन कलाप्रदर्शनात ते मांडले तेव्हा टोलेडोच्या लुइस त्रिस्तानचे म्हणून मांडले होते. साफसफाई झाल्यावर वेलास्केझची सही आणि 1620 हे साल वर आले. 1944 मध्ये प्रादोने ते घेतले. मध्यंतरी तोंडाजवळची ती लहरती पट्टी मागाहून जोडलेली समजून पुसून टाकली गेली. दुसऱ्या प्रतीवर मात्र ती शाबूत आहे.

या एका दुरुस्तीत तीनशे वर्षांचा फरक आला. 1620 मध्ये चेहरा, शब्द आणि तपशील मिळून एक दावा होता. ही बाई कोण, कुठे निघाली, कशासाठी. विसाव्या शतकाला त्यातला चेहरा हवा होता, कारण तो वेलास्केझचा होता. बाकीचे त्याला चित्रावरचे ओझे वाटले. पण या चेहऱ्यातला दरारा नुसत्या कुंचल्यातून आलेला नाही. हुंडा नाकारून रिकाम्या हाताने मठ चालवता येतो, हे सिद्ध करायला ही बाई साठीनंतर अर्धे जग ओलांडायला निघाली होती आणि मनिलाच्या सावकारांशी पुढे दहा वर्षे भांडणार होती. वेलास्केझने ते भांडण पाहिले नाही; त्याला दिसली ती भांडायला निघालेल्या बाईची क्रूसावरची पकड. चर्चने जो खटला अर्धवट सोडला, त्यातला सर्वांत भक्कम साक्षीदार आजही प्रादोत उभा आहे, आणि त्याची साक्ष नीट ऐकायची तर पायाशी लिहिलेला मजकूरही वाचायला हवा.